एक नंबर मोठाच घ्या म्हणे!

बंगल्यातल्या पोहण्याच्या तलावाचा पंप जळाला की मेकॅनिक यायला चार दिवस लागतात. सल्ला मात्र त्याच संध्याकाळी हजर होतो: "आता घेताच आहात, तर एक नंबर मोठाच घ्या." पूलवाला हेच सांगतो, दुकानदार हेच सांगतो, शेजारच्या बंगल्याचे मालकही कुंपणावरून हेच सांगतात. एरवी पाण्याच्या टँकरच्या पैशांवरून एकमेकांचं तोंड न बघणारी ही माणसं या एका बाबतीत एकमतानं बोलतात. कर्जत, लोणावळा, अलिबाग, मुळशी, इगतपुरी, पलीकडे गोव्यात शिवोली-आसगाव, जिथे जिथे विकेंड बंगल्यामागे निळ्या टाइलचा तलाव आला, तिथल्या पंपघरात हाच धर्म चालतो. एक हॉर्सपॉवरचा गेला तर दीडचा बसवा. दीडचा गेला तर दोनचा. दोनचाही गेला तर कंपनी बदला, पण घोडा कमी करू नका.

या मंडळींची बाजू मांडायला फार वेळ लागत नाही. पाणी जितकं जास्त फिरेल तितकं स्वच्छ राहील. मोठी मोटर आरामात चालते, ताण घेत नाही, म्हणून जास्त टिकते. शनिवारी वीस पाहुणे उतरले तर हाताशी ताकद असलेली बरी. आणि किमतीतला फरक तो कितीसा? बंगल्यावर एवढा खर्च केला, आता पंपाला कशाला हात आखडता घ्यायचा? ऐकायला हे अगदी शहाणपणाचं वाटतं. यातलं जवळजवळ प्रत्येक वाक्य चुकीचं आहे, आणि शेवटचं तर सर्वांत महागाचं.

मुळात तलावाचा पंप काय करतो? गच्चीवरच्या टाकीत पाणी चढवणारी मोटर तीन मजले पाणी उचलते. तलावाचा पंप काहीच उचलत नाही. तो तलावातून पाणी घेतो, फिल्टरमधून नेतो आणि त्याच तलावात परत सोडतो. जिथून निघालं तिथेच पाणी पोचतं. वर चढाई नाही, त्यामुळे पंपाची सगळी ताकद खर्च होते ती फक्त घासण्यात: पाइप, एल्बो, व्हॉल्व्ह आणि वाळूच्या थरात. आणि या घर्षणाचा हिशेब सरळ नसतो. प्रवाह दुप्पट केला की घर्षण साधारण चौपट होतं आणि त्यासाठी लागणारी शक्ती आठपट. हाच हिशेब उलटा करून बघा. तुम्ही शक्ती दुप्पट केलीत, एकाचा दोन हॉर्सपॉवर केलात, तर पाणी दुप्पट मिळतं का? मिळतं ते सव्वापट! दोन घोडे जुंपायचे आणि सव्वा घोड्याचं काम घ्यायचं, याला कोणी हौस म्हणेल. हिशेब म्हणणार नाही.

नेहमीच्या मापाचा तलाव घेऊ. आठ मीटर लांब, चार मीटर रुंद, सरासरी सव्वा मीटर खोल. चाळीस हजार लिटर. हे सगळं पाणी सहा तासांत एकदा फिल्टरमधून जावं अशी अपेक्षा धरली, तर तासाला सुमारे ६,७०० लिटर प्रवाह हवा. नीट बांधलेल्या तलावात एवढ्या प्रवाहाला एकूण विरोध आठ मीटरच्या आसपास धरू. आता पाण्यावर प्रत्यक्ष होणारं काम काढलं तर ते भरतं १४६ वॅट. पुन्हा वाचा. १४६. जुन्या बैठकीच्या खोलीत दोन पिवळे बल्ब जळायचे, जवळपास तेवढंच. पंप आणि मोटर या दोघांची मिळून कार्यक्षमता चाळीस टक्के धरली तरी विजेची ओढ चारशे वॅटच्या आत राहते. म्हणजे अर्धा हॉर्सपॉवर. आणि आमचे सल्लागार इथे दोनचा बसवायला निघाले आहेत!

बरं, बसवला समजा दोनचा. अर्ध्याच्या चौपट शक्ती. मघाच्याच नियमानं पाणी मिळेल १.६ पट, म्हणजे तासाला १०,६०० लिटरच्या घरात. तो आठ तास चालवा किंवा अर्ध्याचा साधारण बारा-तेरा तास चालवा, फिरलेलं पाणी सारखंच. विजेचं काय? दोन हॉर्सपॉवरची मोटर भरल्या भारावर सुमारे दोन किलोवॅट खाते. आठ तासांचे सोळा युनिट, महिन्याचे ४८०. अर्ध्याची ०.६ किलोवॅट धरा. बारा तासांचे सात-सव्वासात युनिट, महिन्याचे सव्वादोनशेच्या आत. महावितरणच्या घरगुती दरात शंभर, तीनशे आणि पाचशे युनिटांना पायऱ्या आहेत आणि प्रत्येक पायरीवर दर चढतो. एकटा पंपच पाचशेच्या उंबरठ्यावर नेऊन सोडत असेल, तर वरचा एसी, फ्रिज, गिझर हे सगळं सर्वांत महागड्या दरात मोजलं जाणार. किमतीतला फरक कितीसा, असं विचारणारे गृहस्थ पंपाच्या पावतीकडे बघत असतात. पंपाची खरी किंमत पावतीवर नसतेच, ती महिन्याच्या महिन्याला दारात येते.

"पण जास्त फिरलं की जास्त स्वच्छ!" हा तर यांचा हुकमाचा एक्का. यालाही गणित आहे आणि ते चांगलं जुनं आहे. गेज आणि बिडवेल या दोघांनी १९२६ मध्ये ते मांडलं. फिल्टरमधून निघालेलं स्वच्छ पाणी तलावातल्या मळक्या पाण्यात मिसळतं, त्यामुळे एका फेरीत सगळं पाणी गाळून होतच नाही. एका फेरीत सुमारे ६३ टक्के, दोन फेऱ्यांत ८६, तीन फेऱ्यांत ९५, चारांत ९८. पहिल्या दोन फेऱ्यांत कमाई आहे. चौथी फेरी तीन टक्क्यांसाठी पूर्ण मजुरी घेते. चारच माणसं डुंबणाऱ्या घरगुती तलावाला रोज दीड-दोन फेऱ्या पुष्कळ झाल्या.

आणि पाणी वेगानं ढकललं तर ते चांगलं गाळलं जातं, हे कोणी सांगितलं? चहा गाळताना जोरात ओतला तर पावडर गाळणीच्या खाली जाते, हे घरात सगळ्यांना ठाऊक असतं. पंपघरात उतरलं की विसरायला होतं. पाचशे मिलिमीटर व्यासाचा वाळूचा फिल्टर घ्या, लहान तलावांना हाच असतो. त्याचं तोंड एक पंचमांश चौरस मीटर. जलद गतीच्या फिल्टरची वरची मर्यादा चौरस मीटरला तासाला पन्नास हजार लिटर धरतात, म्हणजे या टाकीला जेमतेम ९,८०० लिटर. आपला नवा दोनचा पंप देतो १०,६००. पहिल्या दिवसापासून मर्यादेच्या बाहेर! वाळूत पाण्याच्या वाटा पडतात, बारीक माती सरळ आरपार जाऊन इनलेटमधून पुन्हा तलावात येते आणि मालक म्हणतात, पाणी गढूळ दिसतंय, पंप कमी पडतोय वाटतं. पुढचा सल्ला काय येईल, ते सांगायला हवं का?

एका परिचितांच्या कर्जतच्या बंगल्यावर असा वाढीव पंप चालताना बघायला मिळाला. पंपघर म्हणजे जमिनीत खणलेला खड्डा, लोखंडी शिडी, वर पत्र्याचं झाकण. स्विच दाबला आणि आतून खडी खळखळावी तसा आवाज सुरू झाला. सांभाळणारा गडी कौतुकानं म्हणाला, "साहेब, पॉवर बघा किती आहे!" ती पॉवर नव्हती. सक्शनचा पाइप दीड इंची होता. दीड इंची पाइपातून ६,७०० लिटर पाणी सेकंदाला दीड मीटर वेगानं जातं, तेवढं चालतं. दहा हजाराच्या वर गेलं की वेग सव्वादोन मीटरच्या पुढे जातो, पाइप तेवढं पाणी देऊ शकत नाही, इम्पेलरच्या तोंडाशी दाब इतका पडतो की पाण्याची वाफ होऊन बुडबुडे उठतात आणि पुढे दाब वाढताच ते फुटतात. खडीचा आवाज त्या फुटण्याचा. प्रत्येक बुडबुडा इम्पेलरचा एकेक कण खरवडून नेतो. स्ट्रेनरच्या पारदर्शक झाकणातून आत फेस दिसत होता, बास्केटमध्ये जांभळाची पानं अडकली होती आणि झाकणाची रिंग सुकलेली असल्यानं हवाही ओढली जात होती. लहान पंपाला त्या रिंगेनं फारसा त्रास दिला नसता. मोठ्यानं तिथून शिट्टी वाजवायला घेतली होती.

म्हणजे मोठी मोटर आरामात चालते, हे पाइपाला विचारून ठरवायचं असतं. पंपाला एक जागा असते, जिथे तो सर्वांत निवांत चालतो. त्याच्या आलेखावर ती दाखवलेली असते. तिच्या फार डावीकडे ढकललात, म्हणजे बाहेरची वाट कोंडलीत, तर शाफ्टवर एका बाजूनं जोर येऊन बेअरिंग आणि मेकॅनिकल सील आधी जातात. आत येणारी वाट कोंडलीत तर इम्पेलर जातो. यात आराम कुठे आहे?

खरं सांगायचं तर जुना पंप का मेला, याची चौकशीच कोणी करत नाही. घरातलं माणूस गेलं तर डॉक्टर कारण लिहून देतो. मोटर गेली की थेट तेराव्याच्या खरेदीला. लोणावळ्यात वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि पंप बसवलेला असतो खड्ड्यात. जुलैत खड्डा भरला, वायंडिंग भिजलं, मोटर गेली. तिथे दोनचा बसवला म्हणून पावसाला दया येणार आहे का? एप्रिलमध्ये उन्हानं पाणी खाली गेलं, स्किमरनं हवा ओढली, पंप कोरडा फिरला, सील जळालं. मोठा पंप त्याच कामाला कमी वेळ लावेल, एवढाच फरक. गावच्या लाइनवर संध्याकाळी व्होल्टेज पडतं. सिंगल फेजची मोटर तेवढाच भार ओढायला जास्त करंट घेते आणि तापते. सुरू होताना मोटर चालू करंटच्या पाच-सात पट झटका मारते. दोनच्या मोटरनं तर दिवे मंदावतात आणि जनरेटरही मोठा घ्यावा लागतो. पुष्कळदा बिघडलेलं असतं ते काहीशे रुपयांचं कपॅसिटर. नाहीतर बेअरिंग. बाजारात रिवाइंडिंग करणारा कारागीर अर्ध्या तासात सांगू शकतो काय गेलंय ते, पण त्याच्याकडे जायला कोणाला वेळ आहे? नवा पंप ऑनलाइन मागवायला एक अंगठा पुरतो.

हिरव्या पाण्याचं खापरही पंपावरच फुटतं. पंधरा दिवस बंगला बंद, मे महिन्याचं ऊन, क्लोरीन शून्यावर. शेवाळ येणार नाही तर काय येईल? ते क्लोरीन नसल्यानं येतं. पाण्यात मोकळं क्लोरीन १ ते ३ पीपीएम आणि पीएच ७.२ ते ७.६ असेल तर अर्ध्याचा पंपसुद्धा तळाची टाइल मोजता येईल इतकं पाणी नितळ ठेवतो. ते नसेल तर पाच हॉर्सपॉवरचा पंप हिरवं पाणी फक्त जोरात फिरवेल. नुसत्या क्लोरीनच्या गोळ्यांवर चालणाऱ्या तलावांची आणखी एक गंमत आहे. त्या ट्रायक्लोर गोळ्यांतून पाण्यात सायन्युरिक ॲसिड साठत जातं आणि ते फार झालं की क्लोरीन असूनही लंगडं पडतं. त्यावर उपाय म्हणजे काही पाणी बदलणं. पण पाणी बदलायला टँकर लागतो आणि पंप बदलायला फक्त फुशारकी, तेव्हा बदलला जातो पंपच.

इथवर सगळं पैशांचं होतं. सक्शनचा प्रश्न पैशांचा नाही. तळाच्या ड्रेनवरची जाळी वीस सेंटिमीटर चौरस धरा: चारशे चौरस सेंटिमीटर. तिच्यावर अंग टेकून ती पूर्ण झाकली गेली आणि पंपानं अर्ध्या किलोचा निर्वात ओढला, तर त्या अंगावर दोनशे किलोचा जोर येतो. कोणता बाप तो ओढून सोडवू शकेल? अमेरिकेत २००२ मध्ये व्हर्जिनिया ग्रेअम बेकर ही सात वर्षांची मुलगी हॉट टबच्या ड्रेनला अशीच चिकटली आणि बुडाली. माजी परराष्ट्रमंत्री जेम्स बेकर यांची ती नात. तिच्या नावानं २००७ मध्ये तिथे कायदा झाला. सार्वजनिक तलावांना अडकण्यापासून वाचवणारी जाळी सक्तीची झाली आणि एकाच ड्रेनच्या तलावांना जास्तीची सुरक्षा-यंत्रणा. आपल्याकडच्या किती बंगल्यांच्या तळाला एकच ड्रेन आहे आणि त्यावर साधी सपाट, तीही एका कोपऱ्यात तुटलेली जाळी आहे, हे मोठा पंप सुचवणाऱ्या कोणी कधी वाकून पाहिलं आहे? पंप वाढवायची चर्चा त्या जाळीपासून सुरू व्हायला हवी. ती होते एमसीबीपासून.

आता त्यांचा त्यातल्या त्यात बरा मुद्दा: बॅकवॉश. वाळू उलटी धुवायला खरोखरच ठरावीक प्रवाह लागतो, नाहीतर आतला मळ हलत नाही. पाचशेच्या फिल्टरला तो तासाला सुमारे ७,३०० लिटर. अर्ध्याचा पंप काठावर वाटत असेल तर पाऊणचा घ्या, एवढं खुशाल मान्य. पण आठवड्याच्या तीन मिनिटांच्या बॅकवॉशसाठी रोज आठ तास दोनचा चालवायचा, हे कोणत्या शाळेत शिकवतात? धबधब्याचंही तसंच. पाहुण्यांचे फोटो काढायला भिंतीवरून पाणी पडायला हवं असेल तर त्याला वेगळा पंप आणि वेगळं बटण द्या. फोटो झाले की बंद. आणि वीस पाहुणे आले तर? तर लहान पंप रात्रभर चालू ठेवा आणि क्लोरीन वाढवा. पाहुण्यांच्या अंगावरचं सनस्क्रीन घोड्यांना घाबरत नाही.

याच मंडळींची एक उपशाखा आहे, काटकसरवाल्यांची. "पूलचा पंप कशाला? विहिरीवरचा मोनोब्लॉक लावा, निम्म्या पैशात तिप्पट ताकद." बिडाचा पंप, क्लोरीनचं पाणी! पांढऱ्या टाइलवर गंजाचे डाग उठले की आतल्या आत खाल्लं गेलेलं ते बीड समजायचं. त्याला स्ट्रेनर नसतो, म्हणजे केस, पानं, बिया थेट इम्पेलरमध्ये. आणि पंचवीस मीटर उचलायला बनवलेल्या पंपाला आठ मीटरचा विरोध दिला की तो बेफाम पाणी फेकतो, जास्त करंट ओढतो आणि ट्रिप होतो. मग स्टार्टरचं सेटिंग वाढवलं जातं. पुढे काय होतं ते सांगत नाही.

राहिला हॉर्सपॉवर. जेम्स वॉटनं हे माप वाफेची इंजिनं विकताना पुढे आणलं. घोडे बाळगणाऱ्या गिऱ्हाईकाला कळावं, यंत्र किती घोड्यांचं काम करेल ते. जन्मापासून ते विक्रेत्याचं माप आहे आणि आजही विक्रेत्यालाच सोयीचं आहे. तलावाच्या मालकाला त्यातून काहीच कळत नाही. मोटर विजेकडून किती घेते आणि शाफ्टला किती देते, हे पाटीवर दोन वेगळे आकडे असतात. कोण कोणता सांगतो, याचा भरवसा नाही. एकाच हॉर्सपॉवरचे दोन पंप आठ मीटरला वेगवेगळं पाणी देतात. ते कळतं फक्त आलेखावरून, आणि आलेख मागणाऱ्या गिऱ्हाईकाकडे दुकानात अशा नजरेनं बघतात जणू त्यानं उधारी मागितली.

आणि गती बदलणारा पंप? "ती श्रीमंतांची खेळणी," असं ज्यांच्या मागच्या अंगणात खासगी तलाव आहे त्यांच्याच तोंडून ऐकलं की गंमत वाटते. गती निम्मी केली की प्रवाह निम्मा होतो आणि शक्ती एक अष्टमांश. वेळ दुप्पट लागला तरी वीज पाव. हे कागदावर झालं, प्रत्यक्षात मोटरची कार्यक्षमता थोडी घसरते, तरी बचत भरपूर उरते. अमेरिकेनं १९ जुलै २०२१ पासून नव्या पंपांना जे ऊर्जा-निकष लावले, त्यांत एकाच गतीचे मोठे पंप बहुतेक गारद झाले. आपल्या लाइनवर गती बदलणाऱ्या पंपाचा ड्राइव्ह जळतो ही तक्रार अगदी खोटी नाही. सर्ज प्रोटेक्शन आणि नीट अर्थिंग नसेल तर घेऊ नका. पण मग साधा लहान घ्या! ड्राइव्ह जळेल म्हणून दोनचा घ्यायचा, हा तर्क कुठून उगवतो?

"जुना होता तोच पुन्हा बसवा" म्हणणारे यांच्यापेक्षा पुष्कळ बरे. निदान ते बिघाड वाढवत नाहीत. पण जुना ज्या कंत्राटदारानं निवडला, त्यानं तरी कुठे पाणी मोजलं होतं? त्याच्या टेम्पोत तोच होता.

तेव्हा दुकानात जाण्याआधी टेप घेऊन तलाव मोजा. पाइपाचं माप आणि फिल्टरचा व्यास टिपून घ्या. जुना पंप चालू असतानाचा फिल्टरवरचा दाब आठवत असेल तर तोही लिहा. गेजवरचा एक किलो म्हणजे दहा मीटर. मग दुकानदाराला हॉर्सपॉवर सांगू नका, विचारू नका. त्याला म्हणा, आठ मीटरला तासाला सात हजार लिटर देणारा पंप दाखव आणि त्याचा आलेख दाखव. तो अर्ध्याचा निघेल, फार तर पाऊणचा. दुकानदार हसेल आणि विचारेल, "एवढ्या मोठ्या बंगल्याला एवढा छोटा?" हसू दे. वीजबिल त्याच्या नावानं येत नाही.